बाळंतिणीच्या मनाची काळजी

घरांत बाळ आलें म्हणजे सर्वांचे डोळे पाळण्याकडे लागतात. बाळ दूध पितें कीं नाहीं, त्याचें वजन वाढतें कीं नाहीं, याची विचारपूस दहा तोंडांनीं होते. बाळंतिणीसाठींही डिंकाचे लाडू वळले जातात, शेक-शेगडी होते. तिच्या मनाची विचारपूस करण्याचें मात्र बहुधा कोणास सुचत नाहीं. आनंदाच्या प्रसंगीं दुःख कसलें, असा लोकांचा समज. आणि त्या समजामुळेंच दुःखी असलेली आई तोंड मिटून बसते.

गर्भिणीच्या मनाचें महत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. गर्भ टिकण्यास मनाची प्रसन्नता श्रेष्ठ, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. आणि 'डोहाळे' हा आपला शब्द 'दौहृद', म्हणजे दोन हृदयांची अवस्था, यावरूनच आला. परंतु डोहाळजेवण झालें, बाळंतपण पार पडलें, कीं दुसऱ्या हृदयाचाच विचार होतो. पहिलें मागें पडतें.

बाळंतपणानंतर मनास होणारा त्रास तीन प्रकारचा असतो. पहिला सौम्य. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पांचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ स्त्रियांस उगाच रडूं येतें, जीव घाबरा होतो. शरीरांतील संप्रेरकांचें प्रमाण एकाएकीं उतरतें व त्यांत जागरणाची भर पडते, त्याचा हा परिणाम. विश्रांति व प्रेमळ शब्द मिळाले म्हणजे दोन आठवड्यांच्या आंत तो ओसरतो.

दुसरा प्रकार नैराश्याचा. दोन आठवडे लोटले तरी उदासी हटत नाहीं. बाळ झोपलें तरी आईस झोप येत नाहीं. अन्नावर वासना राहत नाहीं. बाळाविषयीं माया वाटेनाशी होते, आणि 'मी वाईट आई आहें' हा विचार मनांत घोळत राहतो. हा आजार गरोदरपणींही जडतो व प्रसूतीनंतर वर्षभरांत केव्हांही जडूं शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें विकसनशील देशांत गरोदरपणीं शेंकडा सुमारें १६ व प्रसूतीनंतर सुमारें २० स्त्रियांस मनोविकार होतो, आणि त्यांत नैराश्यच मुख्य.

तिसरा प्रकार विरळा, हजारीं एक-दोन बाळंतिणींस होणारा, परंतु भयंकर. बहुधा पहिल्या पंधरवड्यांतच बाळंतीण रात्र रात्र जागते, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते. यास 'बाहेरचें झालें' समजून अंगारे-धुपारे करण्यांत जो वेळ जातो, तो आई व मूल या दोघांच्याही जिवावर बेततो. अशा बाळंतिणीस त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें, आणि तोंवर तिला वा बाळाला क्षणभरही एकटें सोडूं नये.

हें दुःख केवळ शरीरांतून उपजत नाहीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या गोव्यांतील एका पाहणींत, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं, शेंकडा २३ मातांना नैराश्य आढळलें. दारिद्र्य, नवऱ्याचा जाच, आणि मुलाची आस असतां मुलगी होणें, यांशीं त्याचा संबंध दिसून आला. मुलगी झाली म्हणून घरच्यांनीं तोंड फिरविलें, तर तो घाव कोणत्याही लाडवानें भरून येत नाहीं.

यावरील उपाय दूर शहरांतच मिळतो असें मानण्याचें कारण नाहीं. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड येथें ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. गांवोगांवच्या स्त्रियांस, ज्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, त्यांनीं गर्भिणी व बालकें यांची काळजी घेण्यास शिकविलें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. शरीराच्या बाबतींत जें जामखेडास सिद्ध झालें, तेंच मनाच्या बाबतींत पाकिस्तानांत रावळपिंडीच्या ग्रामीण भागांत दिसून आलें. तेथें डॉ. आतिफ रहमान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं साध्या आरोग्यसेविकांस, खिन्न गर्भिणीशीं कसें बोलावें, तिच्या विचारांस वळण कसें द्यावें व घरच्यांस बरोबर कसें घ्यावें, हें शिकविलें. २००८ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचें झालें तेव्हां त्या मातांपैकीं शेंकडा २३ नैराश्यांत होत्या. हें शिक्षण न मिळालेल्या सेविका जेथें जात, तेथें शेंकडा ५३.

आज आशा कार्यकर्त्या रुग्णालयांत प्रसूत झालेल्या बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जातात. बाळास तपासून झाल्यावर आईस बाजूला घेऊन दोनच प्रश्न विचारावेत: मन सारखें उदास राहतें का? आवडत्या गोष्टींत मन रमेनासें झालें आहे का? पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दसऱ्यानंतर ऊसतोडीस बाहेर पडतात. कोपींत राहणाऱ्या स्त्रीचें माहेर दूर, आणि गांवची आशाताईही दूर. तेथें टोळींतील वडीलधाऱ्या बाईनेंच हे प्रश्न विचारले पाहिजेत.

घरच्यांनीं करावयाचें तें साधेंच आहे. दोन पाजण्यांच्या मध्यें बाळ नवऱ्यानें वा सासूनें सांभाळावें, म्हणजे आईस निर्वेध झोप मिळेल. 'मी नसलेलीच बरी' असे उद्गार ऐकूं आले, तर ते हसण्यावारी न नेतां तत्काळ डॉक्टरांस गांठावें. अंगावर पाजतांनाही घेतां येतील अशीं औषधें आहेत; तीं डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून सुरू करूं नयेत, आणि चालू असलेलीं परस्पर बंदही करूं नयेत. मूल काढून घेतील ही भीतिही व्यर्थ होय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणें, आई मनोरुग्णालयांत उपचार घेत असली तरी तिचें तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळें करावयाचें नाहीं. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

सव्वा महिन्याच्या पथ्यांत आहार व शेक यांच्या बरोबरीनें 'तुझें मन कसें आहे?' हा प्रश्नही बसवावा. त्यास खर्च कांहीं नाहीं. आणि त्याचें उत्तर नीट ऐकून घेतलें, तर आई व मूल हीं दोघेंही सुखरूप राहतील.