अठ्ठावीसमागे एक

२०२०-२१ साली देशातल्या शाळांत पहिली ते बारावीची २५.३८ कोटी मुलं होती आणि उच्च शिक्षणात ४.१४ कोटी विद्यार्थी. म्हणजे शाळेतल्या सहा मुलांमागे कॉलेजात एक. त्याच वर्षी शाळांत दिव्यांग मुलं होती २१.९१ लाख, तर उच्च शिक्षणात दिव्यांग विद्यार्थी ७९,०३५. इथे भागाकार केला की उत्तर येतं, अठ्ठावीसमागे एक. दोन्ही आकडे सरकारचेच आहेत, शाळांचा यू-डायसमधला आणि कॉलेजांचा उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणातला.

कॉलेजच्या पटावरून पाहिलं तर ५२३ विद्यार्थ्यांत एक दिव्यांग. साठजणांचा एक वर्ग धरला, तर असे जवळपास नऊ वर्ग पालथे घालावे तेव्हा एक मुलगा किंवा मुलगी दिसणार. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवायला सांगतो, म्हणजे साठाच्या वर्गात तीन. वयोमर्यादेतही पाच वर्षांची सूट आहे. कागदावर जागा आहेत, त्या जागांपर्यंत पोचणारी मुलं नाहीत. काहीजण अपंगत्व नोंदवत नसतील, ४० टक्क्यांखालचं अपंगत्व असलेले राखीव जागांच्या हिशेबातच येत नाहीत, हे धरूनही सहा आणि अठ्ठावीस यांच्यातली दरी बुजत नाही.

आदल्या वर्षी, २०१९-२० मध्ये, उच्च शिक्षणातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांचा आकडा ९२,८३१ होता. कोविडच्या त्या एका वर्षात एकूण विद्यार्थी २८ लाखांहून जास्त वाढले आणि दिव्यांग विद्यार्थी १३,७९६ नी घटले. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो हा आकडा.

गळती नेमकी कुठे होते? कायद्याचं कलम ३१ दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतं तो वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत. अठरावं सरतं आणि कॉलेज समोर येतं, ते साधारण एकाच वेळी. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत एसटी पासही बारावीपर्यंतच.

शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावावरून हे समजून घेऊ. हे गाव पुस्तकात आलं ते डेक्कन कॉलेजमुळे. १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन झालं, सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची १३० हून अधिक घरं उजेडात आली, त्यांच्या चुलींची आणि कणग्यांचीही नोंद झाली. पुण्याहून संशोधक इथवर आले. आता इथल्या एखाद्या दिव्यांग मुलीला उलट्या दिशेने जायचंय, शिरूरला, दौंडला किंवा थेट पुण्याला.

एसटीच्या तिकिटात तिला ७५ टक्के सवलत आहे, पण लालपरीची पहिली पायरी गुडघ्याला भिडते. कुबडी आधी वर टाकायची, मग दांडा धरून अंग ओढायचं, मागे रांग उभी असताना. चाकाची खुर्ची असेल तर एवढंही जमत नाही.

कॉलेजच्या दारात पाच पायऱ्या असल्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या, तर चढ झाला ७५ सेंटिमीटरचा. रॅम्पचं प्रमाण १:१२, म्हणजे लांबी हवी ९ मीटर. जागा नाही म्हणून तोच रॅम्प साडेचार मीटरमध्ये उरकला, की प्रमाण होतं १:६. त्यावरून खुर्ची एकटीने वर नेता येत नाही आणि खाली येताना ती हातात राहत नाही. तपासणीच्या कागदावर मात्र ‘रॅम्प आहे’ एवढंच लिहिलं जातं. म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मोलाचा आहे. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आता तपासणीला येणाऱ्याने ‘आहे-नाही’ न विचारता टेप लावावी.

आणि परीक्षा. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. लेखनिक स्वतः आणायचा तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा हवा, असं त्यांत म्हटलं होतं. गावात असं कोण मोकळं असतं? खालच्या वर्गातली मुलगी, आणि तिचीही परीक्षा त्याच दिवसांत. दहाचा तीन तासांचा पेपर सगळ्यांचा एकला सुटतो, या दोघींचा दोनला. एकच्या पेपरानंतरची गावाकडची गाडी तोवर निघून गेलेली असते. दोघी स्टँडवर बसून पुढच्या गाडीची वाट बघतात, आणि तिचीही पहिली पायरी तेवढीच उंच असते.