आधी माती, मग झाड

नीरा-भीमेच्या संगमावर, नरसिंहपुरात आलेला माणूस घाट पाहतो, नृसिंहाचं दर्शन घेतो आणि परततो. मी त्याला म्हणतो, जाता जाता इंदापूर-बारामतीकडचे माळही बघा. रस्त्याला, बंधाऱ्याला, घराच्या पायाला लागणारा मुरूम अशा माळातून निघतो. मुरूम हवाच, त्यावाचून गाडी दारापर्यंत यायची नाही. प्रश्न आहे तो मागे राहिलेल्या खड्ड्याचा.

मुरूम म्हणजे ऊन-पावसानं भुगा होत आलेला काळा पाषाण. माळावर त्याच्या डोक्यावर जेमतेम वीतभर माती असते. पण ती व्हायला शेकडो वर्षं गेलेली असतात. तिच्यात गवताचं बी, मुळ्या, बुरशी, जिवाणू असं गोकूळ नांदत असतं. यंत्राच्या पहिल्याच फटक्यात ते मुरमात मिसळून जातं. उरलेला तळ चाकांखाली दडपतो. त्यात पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही. तिथं जूनमध्ये रोपं लावायची आणि एप्रिलमध्ये वाळक्या काड्या मोजायच्या, याला हिरवाई म्हणत नाहीत.

मग करायचं काय? खोदण्याआधी वरची माती वेगळी काढायची. तिचा ढीग बुटका ठेवायचा, नाहीतर आतले जीव हवेवाचून मरतात. ढिगावर ताग पेरला तर ती धुपत नाही. काम संपलं की उभे काठ उतरते करायचे, दडपलेला तळ नांगराच्या फाळानं फोडायचा आणि तीच माती पसरायची. माती आधीच गेली असेल, तर तलावातला गाळ मुरमात मिसळून पातळ थर द्यावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ मध्ये आली, तेव्हापासून गाळाचं मोल शेतकऱ्याला नव्यानं सांगावं लागत नाही.

केन्यात मोम्बासाजवळ बांबुरीला सिमेंटसाठी चुनखडी काढलेल्या खाणी होत्या. रेने हालर यांनी १९७१ पासून तिथं सुरूची झाडं लावली. झाडं जगली, पण पाचोळा कुजेना. तेव्हा त्यांनी त्यात वाणी किडे सोडले. किड्यांनी पाचोळा खाल्ला, त्याची माती झाली आणि मग बाकीची झाडं आली.

आपल्याकडे सुरू नको. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथलं मूळ धन गवताचं. पहिल्या पावसात मारवेल, पवना पेरावं. मागून तरवड, बोर, हिवर येऊ द्यावं. दोन-तीन वर्षं शेळ्या-मेंढ्या आत सोडू नयेत; मात्र धनगरांना विचारून दुसरं कुरण आधी ठरवावं. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं, ते अशाच गवताळ माळावरच्या चिंकारांसाठी.

आम्ही कवी मातीला माय म्हणतो. शेतकरी तिची खोली विचारतो. गावात पुढच्या वेळी मुरमासाठी यंत्र येईल, तेव्हा शेतकऱ्याचाच प्रश्न विचारा : वरची माती कुठं ठेवणार? उत्तर मिळाल्याशिवाय पहिलं खोरं पडू देऊ नका.