माज चुकला की २१ दिवस गेले

मी ईटहून बोलतेय, आपल्या भूम तालुक्यातून. आज जरा लाजेचा विषय घेतलाय, पण पैशाचाही तोच आहे. गाय-म्हैस माजावर येते, त्याबद्दल बोलायचंय.

आपल्या भागात पाऊस कमी, शेतीचा भरवसा नाही. घरात रोजचा पैसा येतो तो दुधाचा. गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत, कुंथलगिरीचा खवा आणि पेढा लांबवर जातो. त्यामागे पहाटे उठून धार काढणाऱ्या आपणच आहोत.

आमच्या एका गटातल्या ताईंनी कर्ज काढून संकरित गाय घेतली. गाय चांगली, दूधही चांगलं. पण व्याल्यावर ती परत गाभण राहिली ती थेट ११ महिन्यांनी. दूध आटत गेलं, वैरण तेवढीच लागली आणि हप्ता काही थांबला नाही. बैठकीत आम्ही विचारलं, "ताई, गाय माजावर आलीच नाही का?" त्या म्हणाल्या, "आली होती की. मला दोनदा दिसलं. पण मालक बाहेरगावी होते. सासऱ्यांपुढं असलं कसं बोलायचं?"

सगळ्या गप्प झाल्या. कारण हे प्रत्येकीच्या घरात झालेलं होतं.

आता हिशोब बघू. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. कधी १८, कधी २४. एक माज चुकला, की पुढच्या माजापर्यंत थांबावंच लागतं. भाकड गाईच्या वैरण-पेंडीचा खर्च रोज १५० रुपये धरा. एका चुकलेल्या माजाचे ३,१५० रुपये झाले. तीन माज चुकले तर ९,४५० रुपये. शिवाय पुढचं वेत लांबलं, म्हणजे वासरू उशिरा आणि दूधही उशिरा. गाईचे गाभणपणाचे दिवस ९ महिने ९ दिवस. व्याल्यावर दोन ते तीन महिन्यांत ती भरवली, तर १२-१३ महिन्यांनी परत विते. ताईंच्या गाईला २० महिने लागले.

माज ओळखायचा कसा? धार काढताना, शेण काढताना आपण जनावराजवळच असतो, म्हणून हे आधी आपल्यालाच दिसतं. गाय हंबरते, बेचैन होते, खाणं कमी करते, दूध एकदम कमी देते, थोडंथोडं मुतते. निरणातून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो, शेपटीला लागून वाळतो. मोकळी सोडली तर दुसऱ्या गाईवर उडते. आणि दुसरी गाय अंगावर उडाली तरी जी जागची हलत नाही, ती खरी माजावर आहे. सोट पांढरा, पुवासारखा किंवा घाण वासाचा असेल, तर तो पिशवीचा आजार असू शकतो. तेव्हा भरवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

म्हशीचं अवघड असतं. तिचा माज पुष्कळदा मुका असतो. उन्हाळ्यात तर रात्री किंवा पहाटेच दिसतो, दिवसा कळतही नाही. म्हणून पहाटे एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा गोठ्यात चक्कर मारा. म्हैस बसली असताना सोट जमिनीवर पडतो, तिथं बघा. उन्हाळ्यात तिला सावलीत बांधा, अंगावर पाणी मारा. म्हशीचे गाभणपणाचे दिवस १० महिने १० दिवस.

भरवायची वेळ लक्षात ठेवायला सोपी आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण बीज माजाच्या सुरुवातीला सुटत नाही. ते माज संपल्यावर १०-१२ तासांनी सुटतं आणि थोडेच तास टिकतं. फार लवकर भरवली किंवा दुसरा दिवस उलटून गेला, तर कांडी वाया जाते.

कांडी कोणती भरायची, हेही विचारा. "कुठलीही चालेल" म्हणू नका. दुधाळ संकरित गाय हवी म्हणून दरवेळी विदेशी रक्त वाढवत गेलो, तर आपल्या उन्हात ते जनावर धापा टाकतं, आजारी पडतं. विदेशी रक्त निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त, एवढंच आपल्याकडं झेपतं. घरी देवणी किंवा लाल कंधारी गाय असेल, तर तिला त्याच जातीची कांडी भरा. या आपल्या मराठवाड्याच्या जाती, उन्हाला आणि कमी चाऱ्याला टिकणाऱ्या. म्हशीला मुऱ्हा किंवा पंढरपुरी. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तो वहीत लिहा. नाहीतर तीन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच लेकीला भरली जाते आणि वंश बिघडतो. आता लिंग निवडलेल्या कांड्याही मिळतात. त्यातून दहातली साधारण नऊ वासरं मादी होतात. कालवडीच हव्या असतील तर त्याची चौकशी करा.

भरवल्यावर काम संपत नाही. २१व्या दिवशी लक्ष ठेवा, गाय उलटते का बघा. नाही उलटली तरी ती गाभणच आहे असं धरून चालू नका. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्या. तीनदा उलटली तर चौथी कांडी भरण्याआधी कारण शोधा. पुष्कळदा जंत असतात, खनिज मिश्रण मिळत नाही, नुसत्या कडब्यावर जनावर असतं. पोटाला नाही मिळालं तर माजही येत नाही.

विण्याआधी दोन महिने दूध आटवा, कासेला विश्रांती मिळते. आणि वासरू झालं की तासाभराच्या आत त्याला चीक पाजा. खरवसाची हौस नंतर. पहिल्या दिवशी वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक लागतो. ३० किलोचं वासरू असेल तर दिवसभरात तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. आजची कालवड ही तीन वर्षांनंतरची आपली गाय आहे.

शेवटी आमच्या गटानं काय केलं ते सांगते. एक दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक जनावराला एक पान. वर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, खाली पाच रकाने: व्याल्याची तारीख, माजाची तारीख, कांडी कधी आणि कोणत्या वळूची, तपासणी, लसी. लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी. बचतीचं वाचन झालं की ही वहीही वाचतो. "या आठवड्यात कुणाची गाय माजावर येणार?" हे आता सगळ्यांसमोर विचारलं जातं. पहिल्या बैठकीत पदराआड हसल्या, आता कुणी हसत नाही.

कांडी भरणाऱ्याचा नंबर प्रत्येकीकडे आहे. जनावर आजारी पडलं तर फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबरही गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. मालक घरी नसले तरी फोन लागतो.

त्या ताईंनीच परवा पहाटे साडेपाचला मला फोन केला. म्हणाल्या, "सोट दिसलाय. संध्याकाळी डॉक्टरला बोलावलंय. सासऱ्यांनाही सांगितलं." सासरे काय म्हणाले, असं मी विचारलं. "म्हणाले, आधीच सांगायचं की गं."

मैत्रिणींनो, दिसलं की सांगा. नमस्कार.