सगळे विषय सुटले, तरी मदत बंद

अमेरिकेत ज्यांना 'करिअर कॉलेज' म्हणतात, तिथे कोणी विद्वान व्हायला जात नाही. मेडिकल असिस्टंट, दंतवैद्याची मदतनीस, वेल्डर, एसी दुरुस्त करणारा कारागीर, ब्युटिशियन असं काहीतरी होऊन लवकर कमवायला लागणं, एवढाच तिथला हेतू. अभ्यासक्रम काही महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंतचे. विद्यार्थ्यांमध्ये दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गात बसणारे पुष्कळ, आणि लहान मूल घरी ठेवून येणाऱ्या आयाही. फी बहुतेकांना खिशातून झेपणारी नसते. ती केंद्र सरकारच्या मदतीतून भरली जाते. ही मदत चालू राहायची असेल तर एक अट पाळावी लागते: समाधानकारक शैक्षणिक प्रगती. इंग्रजी आद्याक्षरांवरून कॉलेजच्या ऑफिसात तिला 'सॅप' म्हणतात.

या मदतीचं मूळ १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या सॅन मार्कोस इथे, ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले होते तिथे जाऊन, त्यावर सही केली. १९७२च्या दुरुस्तीने नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी व्यवसाय-शाळांनाही या योजनांची दारं पुरती उघडली. गरीब विद्यार्थ्याला मिळणारं पेल अनुदान सहसा परत करावं लागत नाही; २०२४-२५मध्ये त्याची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर होती. त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत सरकारी कर्ज. पैसा करदात्यांचा असल्यामुळे विद्यार्थी खरोखर शिकतोय का, हे पाहणं आलंच.

ते दोन तऱ्हांनी पाहतात. पहिली तऱ्हा गुणांची. अभ्यासक्रम दोन वर्षांहून मोठा असेल तर दुसऱ्या वर्षाअखेरीस सरासरी निदान 'सी', म्हणजे चारपैकी दोन ग्रेड पॉइंट, किंवा कॉलेजच्या पदवीच्या अटींना धरून असावी लागते. त्याहून छोट्या अभ्यासक्रमांना कॉलेज स्वतःचा निकष लावतं. दुसरी तऱ्हा वेगाची, आणि बरेच जण अडतात ते इथे. अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या लांबीच्या दीडपटीत तो पूर्ण झाला पाहिजे. साठ क्रेडिटचा अभ्यासक्रम असेल तर नव्वद क्रेडिटपर्यंतच्या प्रयत्नांना मदत, पुढे नाही. म्हणून नोंदवलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के, म्हणजे दर तीनांतले दोन, सुटत राहिले पाहिजेत. नापास झालेला विषय 'नोंदवलेला' म्हणून मोजला जातो, हे समजण्यासारखं आहे. पण मध्येच सोडलेला विषयही तसाच मोजला जातो. मग तो आजारपणामुळे सोडलेला असो की कंटाळ्यामुळे.

याचा परिणाम आकड्यांतूनच कळतो. समजा, एक मुलगी साठ क्रेडिटचा अभ्यासक्रम करते आहे. पहिल्या सत्रात पंधरा क्रेडिट घेतले, बारा सुटले. ऐंशी टक्के, छान चाललंय. दुसऱ्या सत्रात पुन्हा पंधरा घेतले. आईला पक्षाघात झाला आणि सगळे विषय सोडावे लागले. आता तिसांपैकी बारा, म्हणजे चाळीस टक्के. तिला 'वॉर्निंग' मिळते. दर सत्राला तपासणी करणारं कॉलेज अशी ताकीद देऊन एका सत्रापुरती मदत चालू ठेवू शकतं. तिसऱ्या सत्रात ती जिद्दीने पंधराच्या पंधरा क्रेडिट पास करते. एकूण हिशेब पंचेचाळिसांपैकी सत्तावीस, साठ टक्के. निकष ६७चा. ज्या सत्रात तिने एकही विषय गमावला नाही, त्याच सत्राच्या शेवटी तिची मदत बंद होते.

इथे कामाला येतं ते अपील. नियम सांगतो की नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचा अपघात वा आजारपण किंवा अशीच विशेष परिस्थिती असेल तर अपील करता येतं. विद्यार्थ्याने दोन गोष्टी लिहायच्या असतात: प्रगती का खुंटली आणि आता काय बदललं आहे. बऱ्याच अर्जांत पहिली गोष्ट पानभर असते आणि दुसरी एका ओळीत उरकलेली, म्हणून ते पडतात. अपील मान्य झालं तर विद्यार्थी 'प्रोबेशन'वर जातो आणि गरजेप्रमाणे सत्रागणिक आखलेल्या अभ्यास-योजनेनुसार चालतो. त्या मुलीचा पुढचा हिशेब पाहा: चौथ्या सत्रात पंधरा पास झाले की साठांपैकी बेचाळीस, सत्तर टक्के. उरलेले अठरा क्रेडिट धरले तरी एकूण अठ्ठ्याहत्तर, म्हणजे नव्वदच्या आतच. तिला फक्त एका सत्राचा आधार हवा होता.

मला या नियमातली सर्वांत खुपणारी गोष्ट वेगळीच वाटते. अपिलाची सोय ठेवायची की नाही, हे केंद्रीय नियमांनी कॉलेजवर सोडलं आहे. मानक सक्तीचं आणि दाद मागण्याची सोय ऐच्छिक, हे न्यायाचं नाही. ज्या माणसाचं आयुष्य एका सत्रात कोलमडू शकतं, त्याच्यासाठी अपील हा हक्कच असायला हवा.

ब्युटिशियनसारख्या अभ्यासक्रमांत क्रेडिटऐवजी घड्याळाचे तास मोजतात. न्यूयॉर्कमध्ये कॉस्मेटॉलॉजीच्या परवान्यासाठी एक हजार तासांचं प्रशिक्षण लागतं. आठवड्याला पंचवीस तासांप्रमाणे ते चाळीस आठवड्यांत संपायला हवं. दीडपट धरली तर साठ आठवडे. अशा अभ्यासक्रमात पहिले ४५० तास आणि त्यांचे आठवडे भरल्याशिवाय सरकारी मदतीचा पुढचा हप्ता सहसा सुटत नाही. बस चुकली, मुलाला ताप आला, तर ते तास पुढे भरून काढावेच लागतात.

आता कॉलेजची बाजू. प्रगती तपासणारं कॉलेज आणि त्या तपासणीवर ज्याचं उत्पन्न अवलंबून आहे ते कॉलेज एकच असतं. विद्यार्थी अपात्र ठरला की फी थांबते. नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजांचं उत्पन्न नव्वद टक्क्यांपर्यंत केंद्राच्या पैशातून येऊ शकतं. कायद्याची मर्यादाच तेवढी आहे. तेव्हा विद्यार्थ्याला कसंबसं पुढे ढकलण्याचा मोह व्यवस्थेतच आहे. प्रगतीचं मानक विद्यार्थ्याला तपासतं. शिकवणं कसं आहे, शिकून नोकरी मिळते का, हे तपासत नाही. कोरिंथियन कॉलेजेस ही एव्हरेस्ट, हील्ड, वायोटेक या नावांनी शाळा चालवणारी कंपनी नोकऱ्यांचे खोटे आकडे दाखवल्याच्या प्रकरणानंतर एप्रिल २०१५मध्ये बंद पडली. २०२२मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या असंख्य विद्यार्थ्यांची 'प्रगती' कागदावर समाधानकारकच होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात एटीकेटी आठवेल. पण एटीकेटी राहिलेले विषय मोजते आणि पुढच्या वर्गाचं दार ठरवते. इथे मोजणी प्रयत्नांची होते आणि प्रश्न पैशाचा असतो. यूजीसीची 'एन प्लस टू' ही मर्यादा, म्हणजे पदवीच्या ठरलेल्या मुदतीवर दोन वर्षं, अमेरिकेतल्या दीडपटीच्या जास्त जवळची आहे.

एफ-वन (विद्यार्थी) किंवा एच-फोर (अवलंबित) व्हिसावरच्या मराठी मुलांना ही केंद्रीय मदत मिळत नाही, त्यामुळे त्यांचा 'सॅप'शी संबंध येत नाही. ग्रीन कार्ड असलेल्या आणि नागरिक झालेल्या कुटुंबांचा मात्र येतो. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून हे धोरण लेखी मागून घ्या. तपासणी दर सत्राला होते की वर्षाने, दुसरीकडून आणलेले क्रेडिट कसे मोजतात आणि अपिलाची सोय आहे का, हे त्यात बघा. घरात काही आपत्ती आली तर डॉक्टरांचे आणि हॉस्पिटलचे कागद त्याच आठवड्यात जपून ठेवा. आणि विषय सोडण्याच्या अर्जावर सही करण्याआधी फायनान्शियल एडच्या ऑफिसात जाऊन विचारा: सत्राचा साठ टक्के काळ उलटण्याआधी सगळे विषय सोडून बाहेर पडलं तर मिळालेल्या मदतीचा काही भाग परत करावा लागतो.