मालकीची मोटार की भाडेपट्ट्याची?

अमेरिकेतील मोजकी मोठी शहरे सोडली, तर ज्याच्यापाशी मोटार नाही त्याला नोकरी टिकवता येत नाही, दवाखाना गाठता येत नाही आणि वाणसामानही आणता येत नाही. कारण तेथील वस्त्यांची रचनाच मुळी मोटार गृहीत धरून झालेली आहे. धडधाकट माणसाची ही स्थिती, मग ज्याचे पाय निकामी झाले आहेत, किंवा ज्याला दुसऱ्याने ने-आण केल्यावाचून गत्यंतर नाही, त्याची मोटारीवाचून किती कुचंबणा होत असेल हे निराळे सांगावयास नको. अशा माणसाला सरकारातून निर्वाहवेतन मिळत असेल, तर मोटार विकत घ्यावी की ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावी, हा प्रश्न नुसत्या जमाखर्चाचा राहत नाही. तो कायद्याचा होतो, आणि त्यात गफलत झाली तर वेतनच हातचे जाण्याचा संभव असतो. ज्यांची मुले-नातवंडे त्या देशाची नागरिक झाली आहेत अशी मराठी घरे आता थोडी नाहीत, आणि त्यांतील एखाद्या घरी अपंग मूल असले की हाच प्रश्न त्यांच्याही दाराशी येतो. म्हणून त्याचा खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

अपंगांना मिळणारी वेतने तेथे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. नोकरीत असता ज्याने पगारातून सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरली, त्याला पुढे अपंगत्व आल्यास मिळणारे वेतन विम्याच्या स्वरूपाचे असते. त्याला ‘एसएसडीआय’ म्हणतात. ते घेणाऱ्याच्या दारात किती मोटारी आहेत किंवा बँकेत किती शिल्लक आहे, याची सरकार चौकशी करीत नाही. दुसरे ‘एसएसआय’. ते जानेवारी 1974 पासून अमलात आहे आणि केवळ निर्धनांसाठी आहे. 2026 साली केंद्र सरकारकडून एकट्या माणसास दरमहा जास्तीत जास्त 994 डॉलर मिळतात, आणि बहुतेक राज्यांत त्याच्याच आधारावर मेडिकेड हा सरकारी औषधोपचाराचा हक्कही प्राप्त होतो. सारी अडचण आहे ती या दुसऱ्या वेतनाची.

हे वेतन घेणाऱ्या एकट्या माणसापाशी 2,000 डॉलरपेक्षा, आणि दांपत्यापाशी 3,000 डॉलरपेक्षा अधिक मालमत्ता असता कामा नये. ती मोजतात प्रत्येक महिन्याच्या पहिल्या क्षणी. राहते घर या मोजणीतून वगळलेले आहे, आणि त्याचप्रमाणे घरातील माणसांच्या ने-आणीसाठी वापरली जाणारी एक मोटारही, मग तिची किंमत कितीही असो, संपूर्ण वगळलेली आहे. पूर्वी अशी उदारता नव्हती. काही अपवाद सोडले तर 4,500 डॉलरपर्यंतच्याच किमतीला सूट होती, आणि मार्च 2005 मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली. तरीही भाडेपट्ट्याची मोटार आपल्या नावावर नसते, म्हणून ती अधिक सुरक्षित, असा समज पुष्कळांच्या मनात घट्ट बसलेला आहे. एकाच मोटारीचा प्रश्न असेल तर या समजाला काडीचाही आधार नाही. कायद्याने मालकाला जे अभय आधीच दिले आहे, त्यापेक्षा अधिक काही भाडेकरूला मिळत नाही. घरात दुसरी मोटार घ्यावयाची असेल तेव्हाच भाडेपट्ट्याचा या बाबतीत खरा उपयोग होतो, कारण मालकीच्या दुसऱ्या मोटारीची किंमत, तिच्यावरील कर्ज वजा जाता, मालमत्तेत धरली जाते.

मग माणसे अडचणीत येतात ती कशामुळे? मोटारीमुळे नव्हे, तर मोटारीपर्यंत पोचताना हातातून जाणाऱ्या रोकडीमुळे. समजा, एकाने आपली एकुलती एक मोटार 20 मार्चला 6,000 डॉलरला विकली आणि दुसरी मनाजोगी मिळेपर्यंत पैसे बँकेत ठेवले. 1 एप्रिल उजाडताच तो नियमाच्या दृष्टीने धनवान ठरतो आणि एप्रिलचे वेतन बंद होते. तेच पैसे 31 मार्चपूर्वी दुसऱ्या मोटारीत गुंतवले असते, तर त्याच्या वेतनाला धक्का लागला नसता.

आप्तांच्या मदतीचेही असेच आहे. सज्ञान अपंग मुलीला तिचे वडील दरमहा 400 डॉलर मोटारीच्या भाड्यासाठी हातात देऊ लागले, आणि तिला अन्य कोणतेही उत्पन्न नसले, तर पहिले 20 डॉलर सोडून उरलेले 380 तिच्या वेतनातून कापले जातात; हीच रक्कम वडिलांनी थेट मोटार कंपनीकडे भरली, तर एक डॉलरही कापला जात नाही, कारण परस्पर भरलेल्या खर्चापैकी निवाऱ्याचाच खर्च उत्पन्नात धरतात, आणि कंपनीकडून मुलीला जे मिळते ते वाहन असते, निवारा नव्हे. आख्खी मोटार भेट दिली तरी, ती घरातील एकमेव असेल तर, उत्पन्नात धरत नाहीत. गावाने वर्गणी करून अपंगाला खास बनावटीची व्हॅन घेऊन दिली, हे उदाहरण खुद्द सरकारी नियमावलीतच दिलेले आहे, आणि रुक्ष कलमांच्या त्या रानात ते वाचताना मला फार समाधान वाटले. शिवाय 2014 च्या कायद्याने निघालेली ‘एबल’ खाती आहेत. पूर्वी 26 व्या वर्षाआधी अपंगत्व आलेल्यांनाच ती उघडता येत. 1 जानेवारी 2026 पासून ही वयोमर्यादा 46 झाली आहे. त्या खात्यातील 1,00,000 डॉलरपर्यंतची शिल्लक एसएसआयच्या हिशेबात येत नाही आणि तिच्यातून मोटारीचा खर्च करता येतो.

कायद्याची बाजू अशी सारखी झाल्यावर उरतो तो व्यवहार, आणि तेथे माझे मत मालकीच्या बाजूला निःसंशय झुकते. भाडेपट्ट्याची मुदत बहुधा तीन वर्षांची. वर्षाला साधारण 10,000 ते 15,000 मैलांची मर्यादा, आणि तिच्यापुढे प्रत्येक मैलामागे दंड. ज्याला दूरच्या रुग्णालयात आठवड्यातून अनेक वेळा जावे लागते, त्याला ही मर्यादा जाचक होते. मुदतीआधी करार मोडला तर जबर रक्कम भरावी लागते, आणि आजारी माणसाच्या आयुष्यात तीन वर्षांची खात्री कोणी द्यावी? सर्वांत मोठी अडचण फेरफारांची आहे. हाताने चालवावयाचे ब्रेक, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण, खाली घेतलेली फरशी, ही कामे कंपनीच्या लेखी संमतीवाचून करता येत नाहीत, आणि संमती मिळाली तरी मुदतीअंती गाडी परत करताना त्यांवरील खर्च बुडतो. आपल्या मोटारीत एकदा केलेली सोय मात्र दहा वर्षे कामी येते. ज्याला काहीच फेरफार नको, फिरणे थोडे आहे आणि भाडे घरचे कोणी परस्पर भरणार आहे, त्याने भाडेपट्टा खुशाल घ्यावा. केवळ 994 डॉलरांवर गुजराण करणाऱ्याने त्यातून 400 डॉलर मोटारीवर घालवू नयेत. त्याच्यासाठी जुनी, पण जाणत्या कारागिराकडून तपासून घेतलेली मोटारच हितावह.

2,000 डॉलरची मर्यादा 1989 पासून जशीच्या तशी आहे, आणि तिच्यामुळे जो माणूस पन्नास हजारांची मोटार बाळगू शकतो, त्याला तिच्या दुरुस्तीसाठी ‘एबल’ खात्याबाहेर तीन हजार शिल्लक टाकता येत नाहीत. ही मर्यादा वाढलीच पाहिजे. तोवर ज्यांचे आप्त तेथे हे वेतन घेत आहेत त्यांनी मदतीची रक्कम रोख हातात न देता परस्पर विक्रेत्याकडे किंवा ‘एबल’ खात्यात भरावी, पावत्या जपून ठेवाव्यात, आणि मोटारीची खरेदी, विक्री वा भेट जे काही घडेल ते, तो महिना संपल्यापासून 10 दिवसांच्या आत, सामाजिक सुरक्षा कचेरीला कळवण्याची आठवण त्यांना आवर्जून करावी.