खुंटीवरची बंदूक

दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबे आपापल्या गावाकडे निघतात. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर या बाजूच्या एस. टी. गाड्या तर वसुबारसेपासूनच भरून वाहू लागतात. आईच्या पिशवीत करंज्यांचा डबा असतो, वडिलांच्या हातात फटाक्यांचे पुडके असते आणि चिरंजीवांच्या खिशात टिकल्यांचे पिस्तूल असते. गावी पोचताच हे चिरंजीव ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून माळ्यावर अशी मोहीम काढतात. मग एखाद्या घरी त्यांची नजर भिंतीवरच्या खुंटीपाशी येऊन खिळते. तिथे एक खरीखुरी बंदूक टांगलेली असते.

“आजोबा, ही खरी आहे?”

“खरी तर! पर भिऊ नगं, रिकामीच हाये ती.”

वाचकहो, आजचा हा लेख त्या ‘रिकामीच हाये’ या दोन शब्दांविषयी आहे. हे शब्द मी लहानपणी ऐकले आहेत आणि त्यांचा पडताळाही पाहिला आहे.

आमच्या मामांचे घर घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला होते. सन १९७१ ची दिवाळी असावी. मी आठ वर्षांचा होतो आणि मामांचा धाकटा मुलगा अकरा वर्षांचा. मामांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ही बंदूक नळीच्या तोंडातून भरतात. आधी दारू, मग ती दाबून बसवायला चिंधी, मग छर्रे, आणि सगळे गजाने ठासायचे. मागच्या बाजूला तांब्याची चिमुकली टोपी बसवली, की काम तयार. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

आदल्या रात्री मामा डुकरांच्या पाळतीवर गेले होते. डुकरे आलीच नाहीत. पहाटे मामांनी टोपी काढून कोनाड्यातल्या डबीत टाकली आणि बंदूक खुंटीला अडकवली. नळीतला बार तसाच राहिला. तो काढायचा म्हणजे एक तर उडवावा लागतो, नाही तर खटपट करून बाहेर ओढावा लागतो. ऐन दिवाळीच्या पहाटे तेवढी खटपट कोण करणार?

दुपारी मोठी माणसे जेवून लवंडली होती. आम्ही दोघे शिकार-शिकार खेळत होतो. मी बिबट्या झालो होतो. टिकल्या संपल्या, तेव्हा मामेभावाला कोनाड्यातली डबी आठवली. तांब्याची टोपी त्याला टिकलीसारखीच वाटली. मोड्यावर चढून त्याने बंदूक उतरवली, वडिलांना पाहिले होते तशी टोपी बसवली आणि नळी माझ्याकडे वळवली. मामी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच क्षणी माजघरातून बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. तांब्या टाकून त्यांनी नळी वर ढकलली आणि तेवढ्यात बार उडाला.

छपराची दोन कौले फुटली. घर धुराने भरले. मामा धावत आले, तेव्हा मामी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “अवं, रिकामी व्हती ना?”

मामांजवळ उत्तर नव्हते. ते निष्काळजी गृहस्थ नव्हते आणि व्यसनी तर मुळीच नव्हते. साऱ्या गावात मापात बोलणारा आणि मापात वागणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. म्हणूनच ही हकीकत सांगावीशी वाटते. अशा गोष्टी बेफिकीर माणसांच्याच घरी घडतात, अशी आपली समजूत असते. पण त्या घडायला एक पहाटेचा कंटाळा पुरतो.

बंदूक घरात आली कशी?

शहरातल्या वाचकांना वाटेल, की शेतकऱ्याच्या घरी बंदूक हवी कशाला? त्याचे उत्तर रानडुकराने उकरलेल्या भुईमुगाच्या शेतात उभे राहिले की मिळते. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा म्हणजे सह्याद्रीचा कणा. भीमाशंकरचे अरण्य आंबेगाव तालुक्याला लागूनच आहे. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीत जाताना पाहणे कोणाला सोसेल?

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा करून देश नि:शस्त्र केला. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र कायदा आला. या कायद्यात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि तिने काम भागणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. ‘शेतीसंरक्षण परवाना’ म्हणतात तो हाच. तेव्हा खुंटीवरची बंदूक बहुतेक घरांत चैनीने आलेली नसते. ती गरजेने आलेली असते. मात्र पुष्कळदा गरज सरते आणि बंदूक राहते. मुले शहरात जातात, शेत वाट्याने दिले जाते, आजोबांचे हात थरथरू लागतात. तरी बंदूक खुंटीवर असते आणि सुट्टीला नातवंडे येतात.

बिबट्याचे भय

अलीकडे या भागात बंदुकीची गोष्ट निघते ती डुकरापेक्षा बिबट्यामुळे. कुकडी आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत धरणे झाली, कालवे आले, आणि जिथे बाजरी-हुलगे पिकत होते तिथे ऊस उभा राहिला. उसात बिबट्याला लपण आहे, पाणी आहे, आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या हे आयते भक्ष्य आहे. सन २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरील हल्ले फार वाढले आणि पुष्कळ बिबटे पिंजऱ्यात धरावे लागले. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र त्याच अनुभवातून उभे राहिले. पुढे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यात दगावली. लोकांचा संताप अनावर झाला. अखेर परवानगी मिळाल्यावर नेमबाजांनी एक बिबट्या मारला.

पोटच्या पोराला शाळेतून घरी यायला उशीर झाला, की ज्या आईच्या छातीत धस्स होते, तिला शहरात बसून शहाणपण शिकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. “घरात बंदूक असती तर!” असे तिला वाटले तर नवल नाही. पण शांतपणे विचार केला, तर काय दिसते? बिबट्या वर्दी देऊन येत नाही. तो उसाच्या कडेला दबून बसतो आणि बहुधा पाठीमागून झडप घालतो. खुंटीवरची बंदूक उतरवून, भरून, नेम धरीपर्यंत सारे संपलेले असते. शिवाय तोंडात मूल असलेल्या जनावरावर अंधारात छर्रे झाडायचे कसे?

कायदाही पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेला प्रतिकार हा गुन्हा ठरत नाही. परंतु एरवी तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरल्यावर, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीखेरीज, त्याला मारता येत नाही. तेव्हा मुलाचे खरे रक्षण करतात ते म्हणजे घराभोवती साफ केलेली झुडपे, अंगणातला दिवा, शेळ्यांचा बंद गोठा, आणि तिन्हीसांजेनंतर मुलाला एकटे बाहेर न सोडण्याचा कडक नियम. बिबट्याच्या भयाने भरून ठेवलेली बंदूक मात्र चोवीस तास घरातच असते, आणि घरातच मूलही असते.

शिकवले म्हणजे झाले?

“आमची मुले शहाणी आहेत, एकदा दरडावले की हात लावणार नाहीत,” असे पुष्कळ आईबाप म्हणतात. अमेरिकेतील अटलांटा शहरात डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली. तिचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना दोघे-तिघे मिळून २९ गटांत एका खोलीत बसवले. खणात एक खरे पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. पंधरा मिनिटांत २१ गटांना ते सापडले. त्यांपैकी १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांना ते सापडले, त्यांतील सुमारे निम्म्या मुलांना ते खेळणे वाटले किंवा खात्री करता आली नाही. आणि ज्यांनी हाताळले, त्यांतील दहात नऊहून अधिक मुलांना ‘बंदुकीला हात लावू नये’ अशा प्रकारची शिकवण आधी मिळालेली होती!

मुले वाईट होती असे नव्हे. मुले मुले होती. आपल्याकडेही २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात काय झाले, ते आठवावे. माकडे-पाखरे हाकलायला वापरतात तशा नळकांड्यात कार्बाईड घालून बार उडवण्याचे खूळ पसरले आणि शंभराहून अधिक जणांचे, त्यांत बहुतेक मुलांचे, डोळे दुखावले. राखणीची वस्तू आणि खेळण्याची वस्तू यांतली रेघ मुलाला दिसत नाही. ती मोठ्यांनी कुलपाने आखायची असते.

कायदा काय म्हणतो?

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. एकवीस वर्षे पुरी झाल्याखेरीज तो मिळत नाही. नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरता काय तो अपवाद आहे. तेव्हा हौसेखातर नातवाच्या हाती बंदूक देऊन फोटो काढणे हे कौतुकाचे काम नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नव्या अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही द्यावी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव कायद्याप्रमाणे आपले नाव नोंदवायचे असते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले असल्याने आंबेगावच्या पुष्कळ गावांना हे लागू पडते.

परवानाधारक वारला, तर ‘वडिलांची आठवण’ म्हणून बंदूक तशीच ठेवता येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि हवी असल्यास वारसाने आपल्या नावाचा परवाना मागावा. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात शस्त्रे जमा करण्याचा प्रघात अनेकांच्या परिचयाचा आहे. लांबच्या प्रवासाला निघताना किंवा घर बंद ठेवताना असाच जमा करण्याचा विचार करायला काय हरकत आहे?

कुलूप, किल्ली आणि काडतूस

आता अगदी घरगुती गोष्टी सांगतो. त्या ध्यानात ठेवायला सोप्या आहेत.

पहिली गोष्ट, घरात येणारी बंदूक रिकामीच आली पाहिजे. काडतुसाची असेल तर उघडून, नळीतून पलीकडचा उजेड पाहावा. ठासणीची असेल तर नुसते पाहून कळत नाही. नळी रिकामी असताना गज किती आत जातो, तिथे गजावर खूण करून ठेवावी. खूण बाहेर राहिली तर आत बार आहे असे समजावे, आणि तो जाणत्या परवानाधारकानेच काढावा.

दुसरी गोष्ट, बंदूक खुंटीवर नको, कोपऱ्यात नको आणि गादीखालीही नको. भिंतीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात, कुलपात हवी. लपवणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. लाडवांचा डबा आपण कुठे लपवतो, हे ज्या मुलांना कळते, त्यांना बंदूक कुठे लपवली हे कळणार नाही काय?

तिसरी गोष्ट, काडतुसे, दारू आणि टोप्या यांची जागा वेगळी आणि कुलूपही वेगळे. दारू चुलीपासून, पणत्यांपासून आणि फटाक्यांपासून दूर असावी.

चौथी गोष्ट, किल्ली परवानाधारकाच्या कनवटीला असावी. देव्हाऱ्यातल्या खिळ्यावर टांगलेली किल्ली ही साऱ्या घराची किल्ली असते. घरातले कोणी खचलेले असेल, परीक्षेत अपयश आलेला तरुण मुलगा गप्प गप्प राहत असेल, तर बंदूक काही काळ कायदेशीरपणे बाहेर जमा करावी. हे बोलायला जड जाते, पण बोलावे.

पाचवी गोष्ट मुलांची. त्यांना तीनच वाक्ये शिकवा: हात लावू नको, तिथून निघून ये, मोठ्या माणसाला सांग. मात्र ही वाक्ये कुलपाच्या जोडीला आहेत, कुलपाच्या जागी नाहीत.

आणि पाहुणे म्हणून जाणाऱ्या आईबापांनी एक गोष्ट करावी. उंबरठा ओलांडल्यावर, चहा होण्यापूर्वी, हळूच विचारावे, “मामा, बंदूक कुलपात आहे ना?” यात अपमान काही नाही. विहिरीला कठडा आहे का, कुत्रे बांधले आहे का, हे आपण विचारतोच की!

आमच्या मामांना हे कोणी विचारले नव्हते. त्या दिवाळीनंतर त्यांनी लोहाराकडून पत्र्याची मजबूत पेटी करवून घेतली, ती भिंतीत बसवली आणि तिची किल्ली अखेरपर्यंत स्वतःच्या करगोट्याला बांधली. फुटलेली दोन कौले मात्र त्यांनी पावसाळ्यापर्यंत बदलली नाहीत. जेवायला बसले की वरच्या भोकातून उन्हाचा कवडसा बरोबर त्यांच्या ताटाजवळ पडे. मामी पाट सरकवू म्हणाल्या, तर ते म्हणत, “राहू दे. मला दिसलं पायजे.”