सर्व्हर राहतो कुठे?

विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकाला फाइल सर्व्हरचं नाव ठाऊक असतं, पत्ता नसतो. मग तो चाळीच्या चौकात उभं राहिल्यासारखा हाक मारतो: ‘हिशेब’ नावाचं कोण आहे? ही नेटबायॉस या नेटवर्क-पद्धतीची हाक. नाव फार तर १५ अक्षरांचं. राउटरपलीकडे ती सहसा पोचतच नाही.

आपल्याला पत्ता हवा असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ‘पिंग’ लिहून पुढे सर्व्हरचं नाव द्या. चौकोनी कंसात चार आकडे उमटतील. माइक मूस यांनी १९८३मध्ये लिहिलेल्या या पिंगचं नाव सोनारच्या आवाजावरून पडलं. पाणबुडीतल्या, पेढीवरच्या नव्हे!

पत्ता मिळूनही फोल्डर उघडेना? एक्सपीला फाइल वाटपाच्या एसएमबी या पद्धतीची पहिलीच आवृत्ती कळते, नवे सर्व्हर ती बंद ठेवतात. ती सुरू करू नका. २०१७चा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम तिच्यातल्याच फटीतून शिरला होता.